आगोट भरली म्हणजे घर तयार झालं का?

वरची_पाखाडी

मे संपत आला की आमच्याकडे जो भेटेल तो विचारतो, "आगोट भरलीत का?" आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. उकडे तांदूळ, कुळीथ, खडेमीठ, सुकट, सोडे, कोकमाचं आगळ, फणसाची साठं, मागच्या पडवीत रचलेली लाकडं. आईने यंदाही सगळं वेळेत केलं. तरी मला हा विषय काढायचाच होता. आगोट असते चार महिन्यांच्या पावसासाठी. चार तासांत येणाऱ्या संकटाला ती पुरत नाही, आणि आपण मात्र कणगी भरली की निर्धास्त होतो.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं. आम्ही दापोली तालुक्यात, किनाऱ्यापासून जेमतेम दीड किलोमीटर. दुपारी कौलं उडायला लागली. बाबांना इन्सुलिन चालू आहे. घरात तीन महिन्यांचे तांदूळ, आणि इन्सुलिनची बाटली एकच, तीही अर्धी. मला वाटत होतं दुसरी भावाने आणलीय, त्याला वाटत होतं मी. वीज गेली, फ्रिज बंद. आईने बाटली प्लास्टिकच्या डबीत घातली, डबी मडक्यात ठेवली, मडक्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि दर दोन तासांनी ती त्यावर पाणी शिंपडत बसली. रस्त्यावर माड आडवे, फोन मुके. तिसऱ्या दिवशी भाऊ झाडांवरून चढत-उतरत चालत दापोलीला गेला आणि बाटली घेऊन आला. ते दोन दिवस मी विसरू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की 1 जूनच्या आत एक संध्याकाळ घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं. निघायची वेळ आली तर औषधं कोण उचलणार, कागद कोण, आजीचा हात कोण धरणार, भेटायचं कुठे, हे मोठ्याने बोलून ठरवावं. दाराजवळ एक पिशवी भरलेली असावी. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावावेत, कारण हल्ली सख्ख्या भावाचा नंबरही पाठ नसतो.

आगरातली

मुली, तुझ्या बाबांचं वाचून पोटात कालवलं. पण आगोटीला कमी लेखलंस ते मला पटलं नाही. माझं सगळं आयुष्य दिवेआगरात गेलं. त्या वादळात आमच्या आगरातल्या निम्म्याहून जास्त पोफळी एका दुपारी मोडून पडल्या. पोफळ लावली की हाताशी यायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे आमचं उत्पन्नच गेलं. महिनाभर वीज नव्हती. एटीएम बंद, दुकानात माल नाही, असला तर आणायला रस्ता नाही. तेव्हा कोणी जगवलं? कुळथाच्या पिठाने, सुक्या बोंबलांनी आणि पडवीतल्या लाकडांनी. गॅस संपलेल्या पाच घरांची चूल आमच्या खळ्यात पेटत होती. त्यांच्यातला एक मुलगा रोज रहाटाने आमच्या घरचंही पाणी काढून द्यायचा, कारण विहिरीवरचा पंप विजेवर.

दाराजवळच्या पिशवीची कल्पना शहरातली आहे. आमच्या दमट हवेत दोन महिन्यांत तिच्यातल्या कागदांना बुरशी येते. शेजार राखलेला असला की पिशवी लागत नाही.

बाजारपूल

चिपळूण. बाजारपेठेत दुकान, वर घर.

दोघींचंही पटतं, पण खरी अडचण पाणी ओसरल्यावर सुरू होते आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. 26 जुलै 2005 च्या पुरात पाणी जिथे लागलं, तिथे वडिलांनी भिंतीवर रंगाची रेघ मारली होती. पुढे पंधरा-सोळा वर्षं आम्ही त्या रेघेच्या भरवशावर राहिलो. सगळ्या मौल्यवान वस्तू रेघेच्या हातभर वर. 22 जुलै 2021 ला पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं ते ती रेघ ओलांडूनच थांबलं. आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर, खाडीत भरतीचा जोर, वरून पाऊस. पाण्याने जायचं कुठे? आम्ही जुन्या पुराची तयारी केली होती, आला नवा.

माझा विमा होता. पण खरेदीच्या पावत्या आणि मालाची वही दुकानातच, ती लगदा होऊन गेली. नुकसान किती झालं हे सिद्ध करता करता वर्ष गेलं, आणि विमा कंपनीने निम्म्याहून कमी दिलं. शेजारच्या दुकानदाराच्या मुलीने सगळ्या पावत्यांचे फोटो ईमेलवर ठेवले होते, त्यांचं काम तीन महिन्यांत झालं. म्हणून सांगतो, मे महिन्यात मोबाईल हातात घेऊन घराच्या प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून. आधार, सातबारा, पासबुक, पॉलिसी यांचे फोटो बाहेरगावच्या एका नातेवाइकाकडे पाठवून ठेवा.

घराच्या विम्याचंही बघा. 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी एप्रिल 2021 पासून सगळ्या साधारण (जनरल) विमा कंपन्यांना द्यावी लागते. तिच्यात पूर, वादळ, दरड हे सगळं येतं, आणि घराचा विमा घेतला की आतल्या सामानालाही घराच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाख, आपोआप संरक्षण मिळतं. आमच्या गल्लीत ही गोष्ट कोणाला ठाऊकच नव्हती. आणि बुडालेली गाडी चालू होते का हे बघायला चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असेल तर तेवढ्यानेच इंजिन जातं.

परळ_चाकरमानी

एवढं सगळं करण्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांना जून ते सप्टेंबर मुंबईला आणावं. मी गेली तीन वर्षं आई-वडिलांना आणतोय. पिशवी, व्हिडिओ, रेघा, हे ज्याच्या अंगात बळ आहे त्याच्यासाठी. 75 वर्षांचा माणूस पोटमाळ्यावर चढणार कसा? पैसे आम्ही पाठवतोच, पण वेळेला पैसे उचलून आणत नाहीत.

आगरातली

भाऊ, तुमची काळजी खरी आहे. पण भातलावणी कोण करणार? गोठ्यातली गाय कोणाकडे सोडायची? माझे यजमान एका पावसाळ्यात मुलाकडे गेले होते. दोन खोल्यांत चार महिने बसून खंगले. मी त्यांना परत नाही पाठवलं.

होडीवाला

हर्णै. आमच्यात 1 जूनपासून मासेमारी बंद, दोन महिने घरात पैसा येत नाही. त्यामुळे अडचणीसाठी बाजूला टाकायची सवय आम्हाला लहानपणापासून असते, ते कोणी शिकवावं लागत नाही.

पण धागा काढणाऱ्या ताईंचा एक मुद्दा मला खटकला. कोण काय उचलणार हे ठरवताना आपण धरून चालतो की त्या वेळी सगळे घरात असतील. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं तेव्हा आमच्याकडचे पुरुष समुद्रात होते. रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी माणसं परतलीच नाहीत. बाया किनाऱ्यावर उभ्या. कुठल्या बँकेत किती, होडीचं कर्ज कोणाच्या नावावर, वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय, यातलं काहीही त्यांना माहीत नव्हतं. माझ्या काकूला काकांच्या खात्यापर्यंत पोचायला दोन वर्षं लागली. म्हणून मी घरात सांगितलंय, की मी नाही असं धरूनच सगळं शिकायचं. बायको आता बँकेत एकटी जाते. बँकेतून होणारे दोन्ही सरकारी विमे काढलेत, वर्षाला 20 रुपयांचा अपघाताचा आणि 436 चा जीवनाचा, दोन्ही 2 लाखांचे. रक्कम मोठी नाही, पण पहिलं वर्ष निघतं.

मुलीला भरतीचं गणितही शिकवलंय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एका वेळी येणार असेल तर खाडीकाठच्या आत्याला आधीच वर बोलवायचं, हे दहा वर्षांची पोर सांगते.

वरची_पाखाडी

दादा, हे मला सुचलंच नव्हतं. मी घरातली कामं वाटली ती भाऊ घरी आहे असं समजून, आणि तो आठवड्याचे पाच दिवस खेडला असतो. पुन्हा बसावं लागेल.

आगरातल्या काकू, आगोटीबद्दल तुमचं मान्य. माझ्या लिहिण्यात तिला कमीपणा आला असेल तर तो माझा दोष. पण पिशवीवर मी ठाम आहे. बुरशी येते हे खरं, म्हणून आम्ही चकलीचा जुना घट्ट झाकणाचा डबा घेतलाय, तळाशी फडक्यात बांधलेली तांदळाची पुरचुंडी. दर अमावस्येला उघडून बघते. शेजार लागतोच, पण बाबांना कुठलं इन्सुलिन किती युनिट हे शेजाऱ्याला कसं कळणार? ते डब्यातल्या चिठ्ठीवर लिहिलंय.

चाकरमानी दादांना मात्र माझा विरोध आहे. ज्यांना जमतं त्यांनी आणावं. पण तोच उपाय म्हणाल तर गावात राहणाऱ्यांचा विचार करायचं राहूनच जातं.

डोंगरउतार

महाड तालुका. सगळं वाचलं. तुम्ही सगळे घरातून निघता येईल असं धरून बोलताय. आमची वाडी उतारावर आहे. 22 जुलै 2021 ला तळीयेत दरड कोसळून 80 च्या वर माणसं गेली, ती आमच्याच तालुक्यातली. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की तलाठी, पोलीस पाटील सांगायला येतात, शाळेत या. लोक जात नाहीत. अडाणी आहेत म्हणून नाही. गोठ्यात दोन म्हशी बांधलेल्या असतात, आणि शाळेत म्हशींना जागा नसते. माझे वडील गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला शाळेतून उठून परत गोठ्यात गेले. घरामागे जमिनीला बोटभर भेग पडली होती, झऱ्याचं पाणी गढूळ झालं होतं, दरडीच्या या दोन्ही खुणा त्यांनीच आम्हाला शिकवलेल्या. तरी गेले. त्यांना पिशवी देऊन मी काय करू?

परळ_चाकरमानी

याला माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त माणसांचा विचार केला होता.

होडीवाला

डोंगरउतार भाऊ, म्हशी कशाने बांधता?

डोंगरउतार

नायलॉनचं दावं, खुंट्याला निरगाठ. का?

होडीवाला

निरगाठ भिजली की आवळते, अंधारात बोटांनी सुटत नाही. आम्ही होडी अशी कधी बांधत नाही. सुरगाठ मारा, एक टोक ओढलं की दावं मोकळं. पावसाचा इशारा आला की संध्याकाळीच गाठ बदलायची आणि गोठ्याच्या दाराचा अडसर काढून ठेवायचा. वडिलांना सांगा, निघताना फक्त दोन टोकं ओढायची. मोकळं जनावर पाण्यातून, उतारावरून स्वतःची वाट काढतं. मग रात्री परत जायचं कारण उरत नाही.

डोंगरउतार

आज संध्याकाळी त्यांच्यासमोर मारून बघतो. म्हातारा गाठीवरून वाद घालणार, पण ऐकेल.