गावातून राजकीय ब्लॉग चालवावा की बंद करावा?

पांदणवाट (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून मी गेली सात वर्षे राजकीय ब्लॉग लिहीत आहे. घरी कापूस आणि तुरीची कोरडवाहू शेती आहे, त्यामुळे लेखन हे रात्रीचे काम. राजकीय म्हणजे मुंबईतील सरकार किती दिवस टिकेल याची भाकिते नव्हेत. ती सांगणारे पारावर पुष्कळ आहेत. मी लिहितो ते ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेविषयी: कोणत्या पांदण रस्त्यावर, म्हणजे शेतात जाणाऱ्या वाटेवर, किती ब्रास (शंभर घनफुटांचे माप) मुरूम कागदावर दाखवला आणि प्रत्यक्षात किती पडला, गणपूर्ती झाली नसताना ग्रामसभेचे ठराव प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, कसे उतरले, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील पथदिवे कोणाच्या दारासमोर लागले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून आमच्या जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा सदस्यच उरला नाही. आणि तालुक्याच्या वार्ताहराला बातमीइतकेच जाहिरातींचेही उद्दिष्ट सांभाळावे लागत असल्याने अशा लेखनाची गरज वाढली, असे मला वाटत आले.

वाचक मात्र घटले. पूर्वी एखादा लेख शेकड्यांनी वाचला जाई, आता साठ-सत्तरांवर थांबतो. मजकूर कोणीतरी उचलतो, माझे नाव आणि तारीख गाळून व्हॉट्सअॅपवर सोडतो, आणि दोन दिवसांनी तोच मजकूर मलाच कोणीतरी ‘हे वाचा भाऊ’ म्हणून पाठवतो. मित्र सांगतात की यूट्यूब चॅनेल काढ, मोटारसायकलवर लाल अक्षरांत ‘प्रेस’ लिही, म्हणजे नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आपोआप येतील.

त्यातच मागील महिन्यात एका कंत्राटदाराच्या वकिलाची नोटीस आली. पांदण रस्त्यावरील लेखामुळे अशिलाची बदनामी झाली, पंधरा दिवसांत लेख काढून माफी मागावी, अन्यथा फौजदारी आणि दिवाणी कारवाई करू, असा तिचा आशय आहे. लेखात मी माहिती अधिकारात मिळालेली मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या सरकारी वहीची) प्रत आणि रस्त्याची छायाचित्रे दिली होती. मात्र शेवटी ‘हा पैसा कोणाच्या घशात गेला हे गावाला ठाऊक आहे’ असे एक वाक्यही लिहिले होते, हे कबूल करतो. घरच्यांचे म्हणणे असे की आपल्याला याच गावात राहायचे आहे आणि याच माणसांच्या धुऱ्यावरून (बांधावरून) शेतात जायचे आहे.

लेखी ब्लॉग चालू ठेवण्यात आज काही अर्थ उरला आहे का? खर्च भागवण्यासाठी जाहिराती घ्याव्यात का? आणि नोटिशीचे काय करावे?

जुनी नोंदवही (वर्धा)

पांदणवाट, आपण ज्याला ओहोटी म्हणता ती मी पहिल्या दिवसापासून पाहिली आहे. गूगलने २००३ मध्ये ब्लॉगर ही सेवा विकत घेतली आणि पुढील काही वर्षांत युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी अक्षरे सारखीच दिसण्याची पद्धत, घरोघरच्या संगणकांवर रुळले, तेव्हा मराठीत लिहिणाऱ्यांची एक लाट आली. त्यात पुण्या-मुंबईचे आणि परदेशी गेलेले लोक अधिक होते. विदर्भातील खेड्यातून लिहिणारा तेव्हाही विरळाच होता. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाले आणि आवडत्या ब्लॉगांचे नवे लेख एका जागी वाचण्याची सवय मोडली. लिहिणारे फेसबुककडे गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर खेड्यात इंटरनेट पोहोचले खरे, पण ते वाचण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. आपल्या गावातील बहुतेकांनी ब्लॉग सोडला असे नाही. त्यांच्या हाती इंटरनेट आले तेव्हा ब्लॉगचे दिवस सरले होते.

तरीही आपण आजच्या वाचकसंख्येवरून निर्णय घेऊ नये. मतप्रदर्शनाचे ब्लॉग मेले याचे मला फारसे दुःख नाही, कारण मत फेसबुकवरही मांडता येते. आपल्यासारख्या ब्लॉगचे काम नोंद ठेवण्याचे आहे. जिल्हा आवृत्तीच्या ई-पेपरचे पान म्हणजे बहुधा एक चित्र असते, त्यात गावाचे नाव शोधून सापडत नाही; दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा बराच मजकूर जुन्या फाँटांत अडकलेला आहे; व्हॉट्सअॅपवरच्या मजकुराला ना तारीख ना धनी; आणि चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत गट क्रमांक नेमका कुठे उच्चारला हे शोधायला कोणी बसत नाही. आपल्या लेखात मात्र गट क्रमांक, तारीख आणि ठरावाचा क्रमांक शोधता येईल अशा अक्षरांत पडलेला असतो.

माझाच अनुभव सांगतो. २०१९ मध्ये शेजारच्या गावातील नळयोजनेच्या ग्रामसभेचा वृत्तांत मी लिहिला होता, जो तेव्हा बहुधा वीस जणांनी वाचला असेल. चार वर्षांनी त्या गावातील एका तरुणाने मला गाठले, कारण त्या वर्षाचे प्रोसिडिंग दप्तरात ‘आढळून येत नाही’ असे उत्तर त्याला मिळाले होते आणि त्या सभेत कोण काय बोलले याचा लिखित मागमूस फक्त माझ्या ब्लॉगवर उरला होता. तो वृत्तांत पुरावा म्हणून कितपत टिकला असता हे वकिलांनी सांगावे, पण पुढील ग्रामसभेत त्याने तो वाचून दाखवला आणि विषय पुन्हा पटलावर आला.

यासाठी ब्लॉग जिवंत राहिला पाहिजे, आणि येथे आपण सगळेच निष्काळजी असतो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे, म्हणजे लेखक आजारी पडला किंवा कंटाळला की त्याच्या नोंदीही धोक्यात येतात. स्वतःचे डोमेन घेतले आणि नूतनीकरण विसरले, तर त्याच पत्त्यावर उद्या जुगाराची जाहिरात दिसू शकते. दर तीन महिन्यांनी संपूर्ण ब्लॉगची प्रत उतरवून घ्यावी आणि महत्त्वाचा प्रत्येक लेख इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करावा. शासन निर्णयाचा उल्लेख केल्यास त्याचा संगणक संकेतांकही द्यावा, कारण दुवे मोडतात, संकेतांकावरून निर्णय पुन्हा शोधता येतो.

काळा कोट, पांढरी कपाशी (अकोला)

नोटिशीपुरते लिहितो. कागद पाहिल्याशिवाय दिलेले हे मत सर्वसाधारण समजावे आणि उत्तर आपल्या तालुक्यातील वकिलामार्फतच द्यावे.

बदनामीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, म्हणजे ठाण्यातून फोन करून ‘लेख काढा, नाहीतर उचलतो’ असे कोणी म्हणत असेल तर त्याला कायद्याचा आधार नाही. कंत्राटदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागेल आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम २२३ प्रमाणे दखल घेण्यापूर्वी न्यायालयाला आपले म्हणणे ऐकावे लागेल. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष आहे. इंटरनेटवरील आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ चा धाक कोणी घातला, तर ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केले आहे, एवढे सांगावे. आश्चर्य म्हणजे त्यानंतरही अनेक वर्षे देशात त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते.

आता आपल्या लेखाकडे वळू. खरे असलेले आणि सार्वजनिक हितासाठी प्रसिद्ध केलेले विधान हा बदनामीला अपवाद आहे, आणि सार्वजनिक अभिलेखावर आधारलेल्या मजकुराला सर्वोच्च न्यायालयाने राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या १९९४ च्या निकालात मोठे संरक्षण दिले आहे. मोजमाप पुस्तिकेत इतके ब्रास लिहिले आहेत, अमुक तारखेला अमुक ठिकाणी टेपने मोजले तेव्हा थराची जाडी इतकी आढळली, हे विधान भक्कम आहे. ‘कोणाच्या घशात गेला’ हे मात्र ना पुस्तिकेत आहे ना टेपवर, आणि समोरचा वकील आपला सगळा अभ्यासपूर्ण लेख बाजूला ठेवून नेमके तेच एक वाक्य न्यायालयात वाचून दाखवील. गावाला जे ठाऊक असते ते बहुतेक वेळा खरेही असते. पण गावाला साक्षीला बोलावले की अर्धे गाव त्या दिवशी फवारणीला गेलेले असते.

माझ्या मते लेख गुपचूप काढू नये. ते वाक्य वगळावे, कधी आणि का वगळले याची तारखेसह टीप लेखाखाली द्यावी, आणि कंत्राटदाराचा खुलासा आल्यास तोही तेथेच छापू असे उत्तरात कळवावे. इतकी वर्षे खुलाशाची जागा दिली नसेल तर ती चूक आपलीही आहे.

जाहिरातींबाबत एक बारकावा आहे. डिजिटल माध्यमांसाठीच्या २०२१ च्या नियमांत ‘प्रकाशक’ या शब्दाच्या व्याख्येतून, पद्धतशीर व्यवसाय किंवा व्यापारी कामाचा भाग म्हणून न लिहिणारी व्यक्ती वगळली आहे. आपण आज त्या वगळलेल्या गटात बसता. नियमित जाहिराती घेऊ लागलात, तर तो बचाव सैल होऊ शकतो. वाढदिवसाच्या जाहिरातीचे सांगायलाच नको. ज्याचा केक छापला त्याच्या रस्त्याची जाडी आपण मोजणार कशी?

चावडीवरची ताई (गडचिरोली)

दादा, आपण कोणासाठी लिहिता हे आधी ठरवावे, असे मला वाटते. मी एक कार्यकाळ ग्रामपंचायत सदस्य होते. माझ्या वॉर्डातील बायकांना ब्लॉग म्हणजे काय हे मी समजावून सांगितले नाही, आणि त्यांचे काही अडलेही नाही. मात्र ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मी कामांची यादी आणि रकमा मोठ्याने वाचत असे, आणि त्यावर जे प्रश्न येत ते कोणत्याही लेखाखालच्या प्रतिक्रियांपेक्षा टोकदार असत. आमच्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे ग्रामसभेइतकाच तेथील अभ्यासगट होता, जिथे माणसे एकत्र बसून कायदा समजून घेत. शेजारच्या छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर या फोनवरच्या वार्तासेवेने २०१० पासून साध्या फोनवर, गोंडीतसुद्धा, लोकांच्या तक्रारी ध्वनिमुद्रित केल्या. त्यासाठी कोणाला लिहिता येण्याची गरज पडली नाही.

नोंदवही म्हणतात ते खरे आहे, नोंद हवीच. पण ती पोहोचण्यासाठी लेखाचा एक पानी सारांश मोठ्या अक्षरांत छापून किराणा दुकानावर आणि पिठाच्या गिरणीत लावा. आपले लेख फार लांब असतात, हेही या निमित्ताने सांगते.

पांदणवाट

सर्वांचे आभार. ते वाक्य काल रात्री वगळले आणि तारखेसह टीप दिली. नोटिशीचे उत्तर येथील वकील तयार करीत आहेत. लांबीची तक्रार घरूनही आहे. गिरणीवाल्याला विचारले, तो म्हणाला, पान लावा, पण माझे नाव त्यात घालू नका.

एक शंका उरते. याच कंत्राटदाराने केलेल्या आणखी तीन रस्त्यांची माहिती मला मागायची आहे. एकाच अर्जात मागता येईल का?

काळा कोट, पांढरी कपाशी (अकोला)

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा, म्हणून तीन रस्ते, तीन अर्ज, प्रत्येकावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट. कंत्राटदाराविषयी वैयक्तिक असे काहीही मागू नका. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद, बदलले असल्याने तेवढ्यावर अर्ज फेटाळला जाईल. कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयक मागा. आणि एक गोष्ट फारसे कोणी मागत नाही ती आवर्जून मागा: कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. पाऊस लागण्याआधी मुरमाचा नमुना मागा.