मदत हवी आहे: क्रूझवर एकच ड्रिंक पॅकेज घेऊन दोघातिघांनी वापरलं तर?

नमस्कार मंडळी. मी देवगडची. आमच्या घरात सध्या एका गोष्टीवरून वाद चालू आहे, आणि ज्यांनी परदेशी क्रूझ केली आहे अशा कोणाचा तरी खरा अनुभव हवा आहे.

सासऱ्यांना, आमच्या अण्णांना, यंदा पंचाहत्तर पूर्ण होतायत. लहानपणी ते देवगडहून बोटीने मुंबईला जायचे. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, होडीने तिच्यापर्यंत जायचं, खलाशी बखोटीला धरून वर घ्यायचे, आणि रात्रभर डेकवर वळकटी टाकून झोपलं की भाऊचा धक्का. ‘रोहिणी’ बोटीचं नाव अजून त्यांच्या तोंडात आहे. त्या बोटी बंद झाल्या आणि नंतर अण्णा कधी समुद्रात गेलेच नाहीत, रोज खिडकीतून बघतात तेवढंच. म्हणून आम्ही दोघा भावांच्या कुटुंबांनी मे महिन्यात आंब्याचे पैसे हातात आले तेव्हाच ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ. आठ माणसं, तीन खोल्या. एकीत अण्णा आणि सासूबाई. दुसरीत थोरले दीर, जाऊबाई आणि 19 वर्षांचा पुतण्या. तिसरीत मी, नवरा आणि 11 वर्षांची मुलगी.

प्रश्न दिरांच्या खोलीचा आहे. भावोजी संध्याकाळी दोन-तीन बिअर घेतात. जाऊबाई अजिबात घेत नाहीत. पुतण्याही घेत नाही, निदान आम्हाला तरी तसंच ठाऊक आहे. आम्ही ज्या एजंटाकडून बुकिंग केलं त्याने भावोजींच्या नावावर ड्रिंक पॅकेज (दिवसाला ठरावीक पैसे भरून हवी तेवढी पेयं) टाकलं आणि पुढच्या आठवड्यात तिघांचं बिल आलं. माणशी दिवसाला 68 डॉलर, वर 18 टक्के सर्व्हिस चार्ज. विचारलं तर म्हणाला, खोलीतल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्यांनी घ्यायलाच हवं, आणि त्या जहाजावर 18 पूर्ण म्हणजे मोठा. आपल्याकडे महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं लागतात. त्या पोराच्या नावावर दारूचं पॅकेज बघून जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पैशांचं नंतर, आधी तेच.

मग एजंटाने उपाय सुचवला. म्हणे, दिरांचं पॅकेज तुमच्या नवऱ्याच्या खोलीकडे वळवतो, तुमच्याकडे मोठी माणसं दोनच. एकाचं नाव लावा, काहीतरी करून दुसऱ्याचं टाळू, आणि बारमध्ये दाखवायचं जहाजाचं कार्ड दोघे भाऊ एकच फिरवा. ‘सगळे तसंच करतात, कोण बघतंय.’

गणपतीत सगळी घरी जमली तेव्हा हा विषय पडवीत निघाला. भावोजींना पटलंय. ते म्हणतात, एवढे पैसे घेतायत तर एका ग्लासातली दोन घोट भावाने घेतली तर काय बिघडलं? नवरा गप्प. अण्णा 35 वर्षं पोस्टात होते, त्यांनी फक्त ‘असं नको’ म्हटलं आणि उठून आत गेले. तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. त्यांच्या पंचाहत्तरीच्या प्रवासात चारचौघांत कोणी येऊन ‘हे कार्ड तुमचं नाही’ म्हणालं तर त्यांना काय वाटेल?

तर मला विचारायचंय ते असं:

एजंट सांगतो तो नियम खरंच सगळीकडे आहे का? न पिणाऱ्याला सूट मिळते का? कार्ड फिरवलं तर खरोखर पकडतात का, आणि पकडलं तर काय करतात? आणि मुळात दिवसाला तीन बिअर पिणाऱ्याने हे पॅकेज घ्यावं का?

शेवटचं एक लहानसं. सासूबाईंना पित्ताचा त्रास आहे. त्यांना जेवणानंतर कोकमाचं आगळ पाण्यात घालून लागतंच. घरचं आगळ बाटलीत भरून नेता येईल का?

कंपनीचं आणि एजंटाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, कृपया विचारू नका.

खाडीकाठ

नियम खरा आहे, एजंटाने तो भाग बनवून सांगितलेला नाही. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या दारूच्या पॅकेजला हीच अट आहे, कार्निव्हल कंपनीलाही आहे. कारण उघड आहे. एका खोलीत एकाच्या नावावर अमर्याद पेयं दिली की दुसरा त्यातच पिणार हे त्यांनी धरलेलंच असतं, म्हणून किंमत खोलीवर लावतात. आशियातून निघणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या फेऱ्यांना वयाची अट 18 आहे, अमेरिकेतून निघणाऱ्यांना 21. म्हणजे तुमचा पुतण्या अमेरिकेच्या फेरीवर असता तर या हिशोबात आलाच नसता.

सूट मागून बघा. गरोदर बाई, औषधं चालू असलेला माणूस, धर्मामुळे न पिणारा, अशांसाठी फोन केला तर काही वेळा बिनदारूचं पॅकेज घ्यायला लावून भागवतात. पण ती त्यांची मर्जी, हक्क नव्हे. आणि जे कबूल करतील ते ईमेलवर लिहून घ्या. बोटीवर गेल्यावर ‘फोनवर बाई म्हणाल्या होत्या’ याला काही किंमत नसते.

कलमवाली

मी फक्त हिशोब सांगते, कारण आम्ही दोन वर्षांपूर्वी याच हिशोबात फसलो.

68 वर 18 टक्के म्हणजे 80 डॉलर 24 सेंट. तिघांचे दिवसाला 240.72. चार रात्रींचे जवळजवळ 963 डॉलर. आता भावोजींनी पॅकेज न घेता बिअर सुटी घेतली असं धरा. बिअर 9 डॉलरला धरली तर 18 टक्के लावून 10.62. (सुट्या पेयावरही तो चार्ज लागतोच.) रोज तीन म्हणजे 32 डॉलरच्या आत, चार रात्रींचे सुमारे 127.

963 आणि 127. एकट्याचं पॅकेज वसूल करायचं तरी दिवसाला आठ बिअर लागतात. तिघांचं वसूल करायचं तर एकट्या भावोजींना तेवीस. माणूस तेवढं पिऊ शकत नाही आणि पिऊही नये.

मग पॅकेज विकलं जातं कसं? जहाजावर पाऊल ठेवल्यापासून प्रत्येक कोपऱ्यावर बार दिसतो आणि वाटतं, सुटे पैसे देत बसलो तर फार होतील. आमचं तेच झालं. आणि एकदा घेतलं की ‘पैसे भरलेत’ म्हणून माणूस नको असतानाही पितो. माझे यजमान तिसऱ्या दिवशी डोकं धरून खोलीत झोपून होते आणि बाहेर एवढं सुंदर बेट होतं. ते मला अजून लागतं.

पाणी, साधा चहा-कॉफी, लिंबू सरबतासारखं काहीतरी आणि सकाळच्या नाश्त्याचे ज्यूस बहुतेक मोठ्या जहाजांवर जेवणाच्या हॉलमध्ये तिकिटातच असतात. पैसे लागतात ते बाटलीबंद पाण्याला, कोल्ड्रिंकला, कॉफीच्या वेगळ्या दुकानातल्या कॉफीला. मुलीला आधीच समजावून ठेवा.

बोटीवरचा

मी वेंगुर्ल्याचा. सात वर्षं परदेशी क्रूझवर बारमध्ये होतो, आता गावी आहे. ‘पकडतात का’ याचं उत्तर मी देतो.

तुम्ही जहाजावर चढताना तुमचा फोटो काढतात. बारमध्ये कार्ड टेकवलं की समोरच्या स्क्रीनवर तो फोटो येतो. दुसऱ्याचं कार्ड घेऊन आलात तर मला पहिल्या सेकंदाला कळतं. एका कार्डावर एका वेळी एकच ग्लास मिळतो. कार्निव्हलला तर दोन पेयांमध्ये पाच मिनिटं जावी लागतात आणि चोवीस तासांत दारूची पंधराच मिळतात. राहिलं ते स्वतःच्या कार्डावर घेऊन टेबलावर भावाच्या हातात देणं. तेही दिसतं. आमचं दिवसभराचं काम टेबलांकडे बघायचंच असतं. कोण काय पितो, कोणाचा ग्लास कुठे गेला, हे दुसऱ्या दिवशी पाठ झालेलं असतं.

नियमात लिहिलेलं असतं की वाटून प्यायलात तर पॅकेज बंद, पैसे परत नाहीत. प्रत्यक्षात पहिल्यांदा बहुतेक जण गोड शब्दांत सांगून सोडतात. लगेच कोणी शिपाई बोलावत नाही, तेवढं घाबरू नका.

पण मला खरं सांगायचंय ते दुसरंच. आम्ही बघून न बघितल्यासारखं केलं आणि सुपरवायझरने बघितलं, तर लेखी वॉर्निंग आमच्या नावावर. आणि हे करायला लावणारी बहुतेक वेळा आपलीच माणसं. छातीवरच्या पट्टीवर भारत वाचतात, बोलण्यावरून ओळखतात, ‘अरे गाववालो मां तू, दी रे एक.’ घर सोडून सात-आठ महिने झालेले असतात, आपलो मनीस दिसलो काय बरा वाटता. नाही म्हणवत नाही.

एकदा मी असाच नाही म्हणू शकलो नाही. रत्नागिरीकडचं कुटुंब, मुलाच्या कार्डावर बापाला दोन दिवस दिलं. माणसं प्रेमळ, उतरताना मला मिठी मारून गेली. त्यांना आजही माहीत नसेल की तिसऱ्या दिवशी मला त्या बारवरून काढून पहाटेच्या ग्लास धुवायच्या पाळीवर टाकलं. त्या पाळीला टिप नाही. बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं तेव्हा.

या जहाजांवर गोव्याची, सिंधुदुर्गाची, रत्नागिरीची पोरं खूप असतात. तुमच्या भावोजींना एवढंच सांगा, समोर उभा असेल तो कुडाळ-मडगावचा कोणाचा तरी भाऊ असेल.

सागवे

खोल्यांची नावं बदलायचा एक मार्ग लोक सांगतात. दोन्ही पिणारे भाऊ कागदावर एका खोलीत, बायका-मुलं दुसऱ्या खोलीत, आणि काउंटरवरून जास्तीच्या चाव्या घ्यायच्या. पॅकेज मग दोघांचंच. आमच्या ओळखीत केलंय.

खाडीकाठ

@सागवे, ते करू नये असं मला वाटतं. संकटात कोणी कुठे जमायचं ते मस्टर स्टेशन खोलीप्रमाणे ठरतं आणि माणसं मोजली जातात तीही त्याच यादीवरून. 11 वर्षांची मुलगी एका यादीत आणि बाप दुसऱ्या यादीत, हे कशासाठी? बिअरसाठी? आणि तरीही दोन पॅकेजेसचे पैसे जातातच. कलमवालींचा हिशोब परत वाचा.

आगळाबद्दल: घरी भरलेली बाटली बहुतेक काढून घेतील. घरगुती खाद्यपदार्थ क्रूझवाले चालवून घेत नाहीत, दुकानातलं सीलबंद चालण्याची शक्यता बरीच जास्त. सीलबंद आमसुलं न्या आणि खोलीत कोमट पाण्यात भिजवा. विमानात हाताशी 100 मिलीपेक्षा मोठी बाटली नको, आगळ न्यायचंच तर सामानात. वाइनबद्दल विचारलं नाहीत पण सांगतो, रॉयल कॅरिबियनला चढण्याच्या दिवशी प्रत्येक मोठ्या माणसाला 750 मिलीची एक सीलबंद बाटली नेता येते. कडक दारू आणि बिअर मात्र नाही, आणि बंदरावर घेतलेली दारू शेवटच्या दिवसापर्यंत ते ठेवून घेतात.

कलमवाली

आणि पॅकेज प्रवासाआधी रद्द करता येतं. बोट सुटण्याआधी, कंपनीने दिलेल्या मुदतीत रद्द केलं तर पैसे परत मिळतात, आम्हाला हे उशिरा कळलं. आजच करा, दिवाळी तोंडावर आली की एजंट फोन उचलत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार.

बोटीवरच्या दादांचा प्रतिसाद मी काल रात्री भावोजींना फोनवर वाचून दाखवला. हिशोब आधी सांगितला होता, तेव्हा ते ‘बघू’ म्हणाले होते. ग्लास धुवायच्या पाळीचं वाचलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, आमच्या शेजारचा गणू पण बोटीवरच आहे, त्याला कधी विचारलंच नाही आपण. आणि म्हणाले, पॅकेज काढून टाक सगळ्यांचं, मी सुटे पैसे देईन, आणि कमी पिईन.

आज सकाळी एजंटाला फोन केला. आधी म्हणाला रद्द होत नाही. कलमवालींनी लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा होतं म्हणाला. ईमेलवर लेखी मागितलं, दुपारी आलं. पुतण्याचं नाव त्या यादीतून गेलेलं जाऊबाईंनी स्वतः मोबाईलवर बघितलं.

अण्णांना फक्त ‘ते आता नाही’ एवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, खोलीला खिडकी समुद्राकडे आहे ना. आहे.

सासूबाईंसाठी सीलबंद आमसुलं आणली. पैसे परत यायला 10 दिवस लागतील असं एजंट म्हणतोय. आले की इथेच कळवते.