आधी टो-लिंक, मग स्प्रिंग

लोटस एलिससारख्या हलक्या स्पोर्ट्स कारला मागे कडक स्प्रिंग आणि पॉलियुरेथेनचे बुश (सस्पेन्शनच्या जोडांमधल्या गाद्या) टाकावेत का, असा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत: पैसे आधी टो-लिंकवर घाला. टो-लिंक म्हणजे मागच्या चाकाची दिशा धरून ठेवणारा आडवा रॉड. ती ऐन वळणात तुटली तर गाडी गर्रकन फिरते, सावरायला वेळच मिळत नाही. मूळ रचनेत तिच्या आतल्या टोकाच्या बॉल जॉइंटला (गोळीवर फिरणाऱ्या जोडाला) एकाच बाजूने आधार असतो, त्यामुळे पिन वाकवणारा भार येतो. टायर जास्त पकडीचे लावले की हा भार आणखी वाढतो. म्हणून टो-लिंकचं किट घेताना बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो का ते बघा. नुसत्या जाड रॉडने काही साधत नाही.

जॉइंट झिजलाय का ते असं तपासा: गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा, दुसऱ्याला जॉइंटवर बोट ठेवायला सांगा. खट्ट जाणवलं की जॉइंट बदलायचाच. बारा-सहाला खेळ असेल तर बेअरिंग किंवा विशबोनचा (चाक धरणाऱ्या त्रिकोणी आर्मचा) जॉइंट तपासा.

नव्या लिंकच्या रॉड-एंडला (रॉडच्या टोकाच्या जॉइंटला) धुळीपासून रबरी बूट हवेत. आटे व्यासाच्या किमान दीडपट आत जाऊ द्या, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, ढिले न होणारे) नवेच वापरा, नंतर चारही चाकांचं अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) करा. रबरी बुश ठेवणार असाल तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहून फाटतं.

आणि फक्त मागच्या स्प्रिंग कडक करू नका, वळणात शेपटी सुटेल.