दादागिरी करणारा सहकारी आणि "बघतो" म्हणणारं मॅनेजमेंट: तुमचे अनुभव सांगा

सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं. मी नाशिकमध्ये अंबडला एका कंपनीत क्वालिटीत आहे, दोन वर्षं झाली. आमच्याकडे एक सिनियर आहे. माझा बॉस नाही, हे आधीच सांगतो कारण सगळे तेच विचारतात, हुद्दा सारखाच, फक्त तो बारा वर्षं जुना. मी ड्रॉइंग बघून बोलतो म्हणून पहिल्याच महिन्यात त्याने माझं नाव "पुस्तक" ठेवलं. तेव्हा मीपण हसलो. मग लाइनवर सगळ्यांसमोर ओरडणं सुरू झालं, माझे रिपोर्ट सही न करता ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचे आणि वर साहेबांना सांगायचं की पोरगं रिपोर्टच देत नाही. मागच्या महिन्यात तर प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) गायब. लाइन थांबलेली, मी दोन तास वेड्यासारखा शोधतोय, स्टोअरमधून दुसरं काढायचं तर सही त्याचीच लागते, शेवटी हाउसकीपिंगच्या मावशींना भंगाराच्या ड्रममध्ये तेलकट चिंध्यांत नीट गुंडाळलेलं सापडलं. गेज आपोआप चिंधीत गुंडाळलं जात नाही ना. तो लांब उभा राहून बघत होता, म्हणाला, "लिहून ठेव पुस्तकात."

एचआरला तीनदा सांगून झालं. पहिल्यांदा "बघतो". दुसऱ्यांदा "ऑडिट होऊ दे". तिसऱ्यांदा "तूपण जरा जुळवून घे ना".

घरी आईला अजून काही सांगितलेलं नाही. तुमच्यासोबत असं झालं असेल तर लिहा, काय जमलं तेपण आणि काय फसलं तेपण.

तर्री_जास्त

शनिवारी सुट्टीच्या दिवशी मिसळ खायला बोलव आणि चार लोकांत विचार, काय प्रॉब्लेम आहे म्हणून. अर्धे लोक तिथेच गार पडतात.

एक_सिस्टर

मी खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, मुंबई नाक्याच्या बाजूचं, नाव नको. आमच्या वॉर्डची इन्चार्ज नाही पण सगळ्यात जुनी एक सिस्टर होती आणि ड्यूटी लिस्ट तीच लावायची. ओरडायची नाही हां, आवाज एकदम गोड. "अगं तू लहान आहेस, तुला काय नाइट जड जाणार." मग हँडओव्हर देताना एखादी गोष्ट मुद्दाम सांगायची नाही, उदा. ५ नंबरच्या पेशंटची शुगर परत तपासायची आहे, आणि सकाळी राउंडला डॉक्टरांसमोर मलाच विचारायची, "का गं, तपासली नाहीस?" इथे पेशंटचा जीव असतो म्हणून मला ते जास्त लागायचं, माझा अपमान गेला खड्ड्यात.

मेट्रन मॅडमकडे दोनदा रडून आले. रडण्याने काही झालं नाही, उलट "इमोशनल आहे" असा शिक्का बसला. मग एका जुन्या वॉर्डबॉयनी मला सुचवलं (हो, वॉर्डबॉयनीच) की ताई, भिंतीवर लिस्ट लागते तिचा दर महिन्याला फोटो काढत जा. तीन महिने काढले. मोजलं तर माझ्या ३१ नाइट आणि तिच्या लाडक्या दोघींच्या मिळून ९. आणि हँडओव्हर तोंडी घेणं बंद केलं. म्हणायचे, "सिस्टर, रजिस्टरमध्ये लिहा ना, मला लक्षात राहत नाही." बावळटपणा पांघरला सरळ. लिहावं लागलं की विसरणं आपोआप कमी होतं, कारण खाली सही असते.

चौथ्या महिन्यात ते फोटो मेट्रनच्या टेबलावर ठेवले आणि या वेळी एक अश्रू नाही. पुढच्या महिन्यापासून लिस्ट मेट्रन लावायला लागल्या. त्या सिस्टरला कुणी एक शब्द बोललं नाही, माफीबिफी विसरा. पण माझ्या नाइट कमी झाल्या आणि मी झोपायला लागले.

अजून एक, त्या काळात मला झोप लागायची नाही, छातीत धडधड. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लाज वाटून घेऊ नका.

सातपूर_जुना

@तर्री_जास्त भाऊ, हा सल्ला देऊ नका. आमच्याकडे एकाने असंच बाहेर टपरीवर "विचारलं", शब्दाने शब्द वाढला, कॉलर धरली, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीची चार्जशीट कुणाला मिळाली? ज्याला वर्षभर त्रास होता त्याला. त्रास देणारा साक्षीदार घेऊन तयारच बसलेला असतो.

तर्री_जास्त

मी मिसळ खायला बोलव म्हटलं, कॉलर धर नाही म्हटलं 😄 पण पॉइंट मान्य.

कॉलेजरोड_९४

माझं प्रकरण जरा वेगळं आहे. एका शोरूममध्ये होते, आम्ही सगळे मिळून सात जण. त्यातला एक सेल्समन, मालकाच्या गावचा. आधी माझ्या उच्चारांची नक्कल, मग कपड्यांवरून कॉमेंट, मग माल काढायला गोडाऊनमध्ये गेलं की वाटेत उभं राहणं. मालक म्हणायचे, "तो असाच आहे, मनावर घेऊ नको." त्यांच्या बायकोला सांगितलं तर त्यांनी मला बसण्याची जागा बदलून दिली. माझी! त्याची नाही.

माझी मावसबहीण वकील आहे, तिने समजावलं की नुसती दादागिरी असेल तर त्याला वेगळा कायदा नाही, पण हा लैंगिक छळाचा प्रकार आहे आणि त्याला २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त लोक असले तर तिथेच अंतर्गत समिती हवी, आणि आमच्यासारखे दहापेक्षा कमी असले तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, समितीला कारण पटलं तर आणखी ३ महिने मिळतात. मला तेव्हा अडीच महिने झाले होते. कुणीच सांगितलं नसतं तर मी "दिवाळी होऊ दे" म्हणत बसले असते आणि मुदत गेली असती.

मालकांना एक पानाचं पत्र दिलं, मराठीत, तारखा घालून, आणि शेवटी लिहिलं की आपण काही केलं नाही तर मी स्थानिक समितीकडे जाईन. दुसऱ्या प्रतीवर त्यांची सही आणि तारीख घेतली. सही करताना त्यांचा हात थबकला ते अजून आठवतं, पेनचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. वर्षभर ज्यांना काही दिसत नव्हतं त्यांनी दोन दिवसांत त्याला दुसऱ्या दुकानात पाठवला. मी पुढे समितीकडे गेले नाही. जायला हवं होतं का? बहीण अजून म्हणते हो. त्या दुसऱ्या दुकानातपण मुली असतीलच, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

ऑफिसर_फक्त_नावाचा

लेखी द्या लेखी द्या सगळे म्हणतात, मी लेखी दिलं आणि मीच अडकलो. माझा मेल एचआरने जसाच्या तसा त्या माणसालाच फॉरवर्ड केला, "आपलं म्हणणं द्या" म्हणून. पुढच्या आठवड्यात पूर्ण डिपार्टमेंटला माझा मेल पाठ होता. महिन्याभरात माझी बदली सिन्नरच्या प्लांटला. राहायला गंगापूर रोडला, म्हणजे रोज पूर्ण नाशिक ओलांडून जायचं.

मग कळलं की २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असायला हवी, तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे लोक सारखे असतात, नव्या औद्योगिक संबंध संहितेत तर ३० दिवसांत निकाली काढायचं म्हटलंय. आनंदाने गेलो विचारायला तर म्हणे तुम्ही कामगार नाही, ऑफिसर आहात. पगार वर्करपेक्षा दोन हजार कमी, पण लेटरवर ऑफिसर. खरं तर नुसत्या लेटरवरच्या नावाने ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात, पण हे मला कामगारांच्या केसेस लढणाऱ्या वकिलाने सांगितलं तोवर माझा राजीनामा झाला होता. तेव्हा @सेकंड_शिफ्ट, आधी तुझं अपॉइंटमेंट लेटर काढ आणि वाच. आणि मेल लिहिताना असं समज की तो माणूस हे वाचणारच आहे. "तो हरामखोर आहे" वगैरे माझ्या मेलमध्ये होतं. तेच गाजलं, बाकीचं कुणी वाचलं नाही.

सेकंड_शिफ्ट

बाप रे. लेटर काढलं. ज्युनियर इंजिनियर लिहिलंय. पण दिवसभर व्हर्नियर घेऊन जॉबच मोजतो.

बघतो_म्हणणारा

मी दुसऱ्या बाजूचा. शिव्या पडतील पण लिहितो. सातपूरला एका युनिटमध्ये प्रोडक्शन मॅनेजर होतो, आता रिटायर झालोय. माझ्याकडे असाच एक सेटर (मशीन लावून देणारा) होता. मशीन कुठलीही बंद पडू दे, रात्री दोनला फोन केला तरी येणार, महिनाअखेरीला डिस्पॅच काढून देणार. आणि पोरांना गुरासारखं वागवणार. मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या केबिनची काच शॉपफ्लोअरकडेच होती. दिसायचं की तो कुणाच्या तरी अंगावर गेलाय, आणि मी कॉम्प्युटरकडे मान वळवायचो. हे लिहायला सोपं नाही.

आठ महिन्यांत तीन पोरं सोडून गेली. मी प्रत्येक वेळी म्हणालो, आजकालची पोरं टिकत नाहीत. मी हललो कधी माहितीये? तिसऱ्याच्या जागी नवीन आला, त्याने शिकताना एक बॅच घालवली, ग्राहकाकडून परत आली, आणि डायरेक्टरांनी मला उभं करून विचारलं की अनुभवी माणसं का टिकत नाहीत. तेव्हा मला तो त्रास "दिसला". म्हणजे कुणाच्या रडण्याने नाही, रिजेक्शनने.

म्हणून तुला सांगतो, तुझ्या मॅनेजरकडे "मला त्रास होतो" घेऊन जाऊ नको. खरंतर तेवढं पुरे व्हायला हवं, पण होत नाही. गेज नसल्यामुळे लाइन किती वाजता थांबली, किती वाजता सुरू झाली, किती जॉब अडकले, कोणता रिपोर्ट कुठल्या तारखेला दिला आणि सही कधी झाली, हे घेऊन जा. आणि एकटा एचआरकडे नको, प्लांट हेडकडे एचआरला सोबत घेऊन. एचआरला आमच्यासारखे प्रोडक्शनवाले दाबून ठेवतात, त्यांचा दोष कमी असतो.

एक_सिस्टर

काका, तुमच्या काचेबद्दल वाचून राग आला. तरी लिहिलंत हे बरं केलंत.

निफाडकडचा

मी लिहावं का माहीत नाही, कारण मी तो त्रास देणारा होतो.

आयटीआय करून लागलो तेव्हा माझ्या उस्तादाने मला पाना फेकून मारलेला, कपाळावर अजून खूण आहे. मला वाटायचं माणूस असाच घडतो. मग माझ्या हाताखाली अप्रेंटिस यायला लागले आणि मी पाना फेकत नव्हतो म्हणजे मी चांगलाच, असा हिशोब. बोलायचो मात्र वाट्टेल ते. आईबापावरून.

एकदा गेटवर निरोप आला, कुणीतरी भेटायला आलंय. मार्च होता. बघतो तर एका पोराचे वडील, डोक्याला टोपी, पायात मातीच्या चपला, हातात द्राक्षाची पेटी. सकाळच्या एसटीने आले होते. मला म्हणाले, "सायेब, पोरगं रात्री जेवत न्हाई. काही चुकत आसंल तर सांगा, आम्ही समजावतो त्याला." आणि पेटी माझ्या हातात दिली. त्यांना मी कोण आहे ते नीट माहीत नव्हतं, पोराने फक्त नाव सांगितलं असणार की यांच्या हाताखाली आहे. त्यांनी माझी तक्रार केलीच नाही, ते पोराच्या वतीने माफी मागायला आले होते.

पेटी घरी नेली नाही. शॉपमध्ये वाटली, त्या पोराने एकपण खाल्लं नाही. त्या दिवसानंतर मी एकदम देव झालो असं नाही, जीभ अजून घसरते. पण आईबापावर गेलो नाही पुन्हा. मला थांबवणारं कंपनीत कुणी नव्हतं हे खरं आहे, दहा वर्षांत एकाही साहेबाने बोलावून विचारलं नाही.

पंचवटीने_अपडाउन

मी सोडली. तेवढंच. फक्त रागात राजीनामा फेकू नका, दुसरी ऑफर हातात घ्या, नोटीस पिरियड पूर्ण करा, हिशोब आणि अनुभवपत्र मिळेपर्यंत तोंड गोड ठेवा. आता रोज पहाटे उठून मुंबईला जातो, लोक म्हणतात काय हाल करून घेतलेस. गाडीत चार तास झोपतो हो, आधी घरी पलंगावर झोप लागत नव्हती.

सेकंड_शिफ्ट

सगळ्यांचे आभार, दोन दोनदा वाचलं. अपडेट देतो.

डायरी वगैरे मी कधी लिहिली नाही, पण घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, त्याच्यावर आई दुधाचं लिहिते, १ लि., दीड लि., खाडा. घरी आलो की त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरात लिहायला लागलो. "प्लग गेज, ४:१० ते ६:०५." "रिपोर्ट दिला, सही नाही." महिना झाला. पान भरलं. मावशींना विचारलं, गेज तुम्हाला सापडलं हे साहेबांसमोर सांगाल का, तर म्हणाल्या सांगेन की, मला काय कुणाची भीती, मी कंत्राटदाराची माणूस.

काकांनी सांगितलं तसं प्लांट हेड आणि एचआर दोघांची एकत्र वेळ मागितली, मेलवर, तीन ओळी, एकपण विशेषण नाही. गुरुवारी ११ वाजता बोलावलंय. काय होईल माहीत नाही, पोटात गोळा आलाय.

काल रात्री भिंतीवरून पान काढायला गेलो तर आईने पकडलं. सगळं सांगावं लागलं. ती बराच वेळ ते बारीक अक्षर वाचत उभी राहिली, काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पान नेऊ नको, फोटो काढून ने. दूधवाल्याचा हिशोब व्हायचाय अजून."