कार वाहून नेणाऱ्या ट्रेलरचे टायर: दोन बदलू की चारही?

जुनीगाडी_बडोदा:
दोन ॲक्सलचा, चार चाकांचा ट्रेलर आहे. रिकामं वजन ७५० किलो, वर चढणारी गाडी साधारण १६५० किलोची. रिम १४ इंची, त्यावर कारचेच १६५/८० आर १४ (८५ टी) टायर. मागच्या ॲक्सलचे दोन्ही आतल्या कडेला तारा दिसेपर्यंत झिजलेत, बाहेरच्या कडेला अजून ४ मिमी नक्षी आहे. पुढचे बरे, पण बाजूला बारीक चिरा. हवा ३५ पीएसआय. मकरपुऱ्यात ट्रेलर उघड्यावरच असतो. पुढच्या महिन्यात मुंबईला जायचंय. दोनच बदलले तर चालेल का, आणि हाच साइझ घेऊ का?

हबकॅप:
आधी वजनाचा हिशेब बघा. एकूण २४०० किलो. दहा टक्के हुकावर (ट्रेलर गाडीला जोडतो तिथे) धरा, म्हणजे २४०. उरले २१६०, टायरमागे ५४०. ८५ या आकड्याचा अर्थ ५१५ किलो, आणि कारचा टायर ट्रेलरला लावला की ती क्षमता १.१ ने भागतात. राहिले ४६८. म्हणजे टायर कोरा होता तेव्हाही ओव्हरलोडच होता. तोच साइझ परत घालून काही उपयोग नाही.

१८५ आर १४ सी (सी म्हणजे मालवाहू गाडीचा), ८ प्लाय (मजबुतीची श्रेणी), १०२/१०० घ्या. १०२ म्हणजे एकेरी चाकाला ८५० किलो. मात्र त्याचा व्यास साधारण ६५० मिमी, तुमच्याचा ६२०. दोन चाकांमधली फट ३० मिमीने कमी होईल आणि मडगार्डखालची १५ मिमीने. गाडी चढवलेली असताना मोजा, रिकाम्या ट्रेलरवर नाही. रुंदीही वाढते, तेव्हा आतून पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) घासत नाही ना तेही बघा.

आणि चारही बदला. उन्हात चिरा गेलेला टायर नक्षी असली तरी बादच. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ असेल तर २०१९चा २३वा आठवडा. ट्रेलरला सहा वर्षांपुढचा टायर नको. दुकानात नवे म्हणून देतात तेव्हाही हे आकडे बघूनच पैसे द्या.

पाटे_कमान:
टायर घ्याल, पण झीज का झाली? फक्त आतली कड गेली म्हणजे बहुतेक ओव्हरलोडने ॲक्सल मध्ये वाकलाय आणि चाकांचे माथे आत झुकलेत. हा ॲक्सल तसाच ठेवलात तर नवे टायरही तसेच जातील. हुकाच्या मध्यापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावा, फरक ३ मिमीपेक्षा जास्त नको. मग एकाच ॲक्सलच्या दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा, तिथेही तेवढीच सूट.

मागचेच का गेले, याचं उत्तर हुकाच्या उंचीत असू शकतं. जोडल्यावर ट्रेलरचं नाक वर राहत असेल तर भार मागच्या ॲक्सलवर सरकतो. सपाट जागेवर जोडून बाजूने बघा, चौकट आडवी दिसली पाहिजे.

जुनीगाडी_बडोदा:
नाक वर आहे खरं. नव्या टायरमध्ये हवा ६५ पीएसआय भरू का? आणि जॅक कुठे लावायचा?

हबकॅप:
६५ हा त्या टायरचा पूर्ण भाराचा आकडा. ५४० किलोला थंड टायरमध्ये ५० पुरे. कारची रिम असेल तर तिच्यावर ६५चा ताण देऊच नका. रिमची भारक्षमता कळत नसेल तर मालवाहू गाडीची रिम घ्या.

पाटे_कमान:
मी रिमही बदलेन आणि ६० ठेवेन. ट्रेलर वळताना टायर आडवे घासले जातात, बाजू कडक असलेली बरी. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५पर्यंतच चालतो; जुना पुन्हा वापरू नका. हवा सकाळी निघण्याआधी बघा. हायवेवर तापून वाढली म्हणून कमी करू नका.

जॅक ॲक्सलच्या मधोमध कधीच नको. यू-बोल्टच्या (ॲक्सल पाट्यांना आवळणाऱ्या बोल्टच्या) प्लेटजवळ किंवा चौकटीखाली लावा. ट्रेलर गाडीला जोडलेला असू दे, पलीकडच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. चाक निघालंच आहे तर हबही (चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग) बघा: हलवून खडखडलं तर बेअरिंग, आतून ग्रीस सुटलं असेल तर सील. सील नवीनच टाका.

हबकॅप:
नट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. अर्ध्या इंची स्टडला (नट ज्यावर बसतो त्या खिळीला) १२० ते १६० न्यूटन-मीटर. एअर गनने नव्हे, टॉर्क पान्याने. १५, ४० आणि ८० किलोमीटरवर पुन्हा तपासा, नव्या रिमवर नट बसताना सैल होतात. स्टेपनीही १८५चीच हवी.