गर्भाच्या मेंदूतील पोकळी ११.६ मिमी : एमआरआय आत्ता करावा की थांबावे?

माझ्या धाकट्या बहिणीला एकविसावा आठवडा चालू आहे. सोमवारच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये (बाळात काही दोष आहे का, हे पाहणारी सोनोग्राफी) बाळाच्या मेंदूतील पाण्याची डावी पोकळी (व्हेंट्रिकल) ११.६ मिमी आली. १० मिमीच्या आत असेल तर सर्वसाधारण आणि १५ च्या पुढे गेली तर गंभीर मानतात, त्यामुळे ही वाढ सौम्य आहे, असे रेडिओलॉजिस्टनी सांगितले. मात्र अहवालात त्याखालीच ‘बाळाच्या स्थितीमुळे कॉर्पस कलोझम नीट दिसला नाही’ असे लिहिले आहे, आणि आमची झोप उडाली आहे ती त्या ओळीने. नुसतेच पाणी थोडे वाढलेले असेल, तर बहुतेक मुलांची वाढ पुढे व्यवस्थित होते. पण मेंदूचे दोन्ही अर्धे जोडणारा तो पट्टाच तयार झाला नसेल, तर गोष्ट निराळी. उजव्या पोकळीचे माप अहवालात नाहीच. विचारल्यावर कळले की प्रोबच्या जवळची बाजू कवटीच्या सावलीत जाते.

आता दोन डॉक्टरांची दोन मते आहेत. एक म्हणतात, कॉर्पस कलोझम विसाव्या आठवड्यापर्यंत आकाराला आलेला असतो, तेव्हा बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यातच एमआरआय करून घ्या. दुसऱ्यांच्या मते मेंदूच्या वळ्या पुढे स्पष्ट होतात, म्हणून तिसाव्या आठवड्याच्या सुमारास केलेला एमआरआय अधिक सांगून जाईल. दोघांचेही पटते, अडचण तारखांची आहे. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष आढळल्यास २४ आठवड्यांनंतरचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. गर्भपाताचा विचार आज घरात कोणीही बोलून दाखवलेला नाही, तरी तो आठवडा उलटून गेल्यावर काही कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे, असे मला वाटते.

(एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात आणि चित्र अधिक स्पष्ट यावे म्हणून देतात ते गॅडोलिनियमचे इंजेक्शन गरोदरपणात टाळतात, हे आईला समजावून झाले आहे. तिचा विश्वास अजून बसायचा आहे.)

ज्यांनी बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यात गर्भाचा एमआरआय केला आहे, त्यांना त्यात कॉर्पस कलोझमबद्दल ठाम उत्तर मिळाले का, की पुढे पुन्हा करावा लागला? बाळाचे डोके खाली असल्यास योनीमार्गे न्यूरोसोनोग्राफी (बाळाच्या मेंदूची बारकाईने केलेली सोनोग्राफी) आधी करून पाहावी, असेही सुचवले गेले आहे. त्या तपासणीने एमआरआयची गरज टळली, असे कोणाच्या बाबतीत झाले आहे का? गर्भाचे एमआरआय नेहमी वाचणारे रेडिओलॉजिस्ट पुण्यात किंवा मुंबईत कसे शोधावेत, हेही कृपया सांगावे. गुरुवारी आम्हाला तारीख ठरवायची आहे.