मदत हवी आहे : छोटे अ‍ॅव्होकाडो घेऊन घरचा नाश्ता परवडेल का?

तिखटमीठ :

नमस्कार मंडळी. मुलगी बंगळुरूची नोकरी सोडून पुण्यात परत आली आहे आणि येताना अ‍ॅव्होकाडोची सवय घेऊन आली आहे. तिकडे कोपऱ्यावरचा ज्यूसवालासुद्धा बटर फ्रूट ठेवतो म्हणे. नवल म्हणजे सासूबाईंनाही आवडला, कारण कवळीला त्रास नाही. घरात दोन विरुद्ध एक असा ठराव मंजूर झाला आहे, आता पैशांचं माझ्याकडे लागलंय.

आमच्या सिंहगड रोडला सध्या असं दिसतं : मोठा हास (ही अ‍ॅव्होकाडोची एक जात), एक नग २३०-२४० ग्रॅमचा, १२० रुपये. जाळीच्या पिशवीत छोटे पाच, मिळून ६०० ग्रॅम, २४९ रुपये. आणि हातगाडीवर कधीमधी हिरवे, गुळगुळीत, लांब मानेचे, १८० रुपये किलो, पण आत बी भलीमोठी.

छोटे घेण्यात खरंच फायदा आहे, की साल आणि बियांचेच पैसे मोजतो आपण? छोटा म्हणजे कोवळा तोडलेला असतो का? मागे एका अ‍ॅपवरून आलेल्यांतले काही पिकलेच नाहीत. आठवडाभर रबरासारखे राहिले, मग सुरकुतले. तिघींचा नाश्ता मिळून शंभराच्या आत बसवायचा आहे, आठवड्यातून तीनेक सकाळी. ‘महाग आहे, खाऊ नका’ हा सल्ला सोडून काहीही चालेल.

खवट_शेंगदाणा :

पोहे.

तिखटमीठ :

पोहे सोमवारी आणि गुरुवारी आहेतच. पुढचे बोला.

पेटीवाला :

ताई, वाशीच्या फळबाजारात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बाहेरचा हास ४ किलोच्या पुठ्ठ्याच्या पेटीत येतो. पेटीवर आकडा असतो : १६, १८, २०, २४, २८, ३०. तो आकडा म्हणजे पेटीत फळं किती. २० म्हणजे दोनशे ग्रॅमचं फळ, ३० म्हणजे साधारण १३३ ग्रॅमचं. आकडा मोठा तेवढं फळ छोटं. नवं गिऱ्हाईक नेमकं उलटं धरतं. हॉटेलवाल्यांना १६ ते २० लागतो, कारण सोलायची मेहनत कमी आणि ताटात भरदार दिसतो. त्यामुळे २८-३० चा माल किलोमागे खालच्या भावाने सुटतो. चवीचा त्यात संबंध नाही. लासलगावला गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, स्वस्त जाते म्हणून तो कांदा नसतो का?

आणि जात वेगळी नसते. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाचा एक पोस्टमन होता, त्याच्या बागेतल्या एका झाडाचं त्याने १९३५ साली पेटंट घेतलं. आज जगात जेवढी हासची झाडं आहेत ती सगळी त्याच झाडाच्या वंशातली कलमं. तुमच्या जाळीतला छोटा आणि तो १२० रुपयेवाला सख्खी भावंडं आहेत.

कोवळेपणा ही निराळी गोष्ट. अ‍ॅव्होकाडो झाडावर मऊ पडत नाही, तोडल्यावरच पडतो. पण तोडायच्या आधी आत तेल भरलेलं असायला हवं. ते नसेल तर काही केल्या पिकत नाही, तुमच्याकडे झालं तसं रबर होतं. एका झाडावर मोठी फळं आधी तयार होतात, छोटी मागाहून. कॅलिफोर्नियात तर कुठल्या आकाराचं फळ कुठल्या तारखेपासून काढायचं ते ठरवून दिलेलं असतं आणि मोठ्याला आधी परवानगी मिळते. म्हणून हंगाम नुकताच उघडलेला असताना छोटा माल घेऊ नका. मध्यावर आला की बेलाशक घ्या. आपल्याकडे टांझानियाचा माल येतो. जून ते ऑगस्ट तिकडे तोडणी जोरात असते. पिशवीवर देश छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा.

तागडी :

हिशेब मी मांडतो. हासमध्ये गर ढोबळमानाने दोन-तृतीयांश धरू. जाळीतल्या ६०० ग्रॅममधून ४०० ग्रॅम गर, म्हणजे १०० ग्रॅम गराला ६२ रुपये. मोठ्यातून १५५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १०० ग्रॅमला ७७. हिरव्यात निम्माच गर निघतो असं धरलं तरी ३६ रुपये.

पावाच्या स्लाइसला ३० ग्रॅम गर पुरतो. हॉटेलातल्यासारखा इंचभर थर द्यायचा तर दिवाळं निघेल. मुलीला दोन, तुम्हा दोघींना एकेक, असे चार स्लाइस : १२० ग्रॅम गर, दीड छोटं फळ, ७५ रुपये. पाव धरून शंभराच्या आत.

एवढंच, की छोट्यात नेहमीच फायदा असतो असं नाही. नगावर विकत असतील तर वजन करून घ्या. ‘मिनी’ असं गोंडस नाव छापून किलोमागे जास्त लावणारेही आहेत.

बनशंकरीचा_बस_थांबा :

बंगळुरूहून लिहितोय. तुमच्या हातगाडीवरचा हिरवा बहुधा आमच्या बाजूचा, कोडगूकडचा (कूर्ग). तिथे कॉफीच्या मळ्यांत ही झाडं असतात, बरीचशी बियांपासून वाढलेली, त्यामुळे एका झाडाचं फळ दुसऱ्यासारखं निघेल याची खात्री नाही. एक लोण्यासारखं, पुढचं पाणचट. पावसाळ्यात भरपूर येतो आणि तेव्हाच स्वस्त असतो.

यातले बरेच पिकले तरी हिरवेच राहतात. हासची साल काळपट जांभळी होते तशी वाट बघत बसलात तर आत नासून जाईल. तळहातात धरून सगळ्या बोटांनी हलकं दाबा, अंगठा रुतवू नका. काहींची बी पिकल्यावर सुटते, हलवलं की खुडखुडते.

तेल कमी असल्यामुळे पावावर हा पाणी सोडतो. आम्ही चक्का घालतो, अर्धा गर अर्धा चक्का. मीठ, मिरपूड, हिरवी मिरची. खर्चही निम्मा आणि मला तर नुसत्या हासपेक्षा हेच बरं वाटतं. उरलेल्याचं दूध-साखर घालून ज्यूस, तुमच्या मुलीला माहीत असेलच.

तिखटमीठ :

चक्का! हे कुणी का नाही सांगितलं आधी. मुलगी म्हणते तिला माहीत होतं, मी विचारलं नाही.

@तागडी, दीड फळ म्हणजे अर्धं उरलं. ते दुसऱ्या दिवशी काळं ठिक्कर होतं. आणि पाचही एकाच दिवशी पिकतात त्याचं काय करायचं? एका व्हिडिओत अख्खे अ‍ॅव्होकाडो पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं होतं, महिनाभर टिकतात म्हणे.

कोनाड्यातली_बरणी :

पाण्यात अजिबात ठेवू नका. २०२२ मध्ये तो व्हिडिओ फार फिरला तेव्हा अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) जाहीर सांगितलं होतं, की सालीवर लिस्टेरिया, साल्मोनेला असे आजाराचे जंतू असले तर ते पाण्यात वाढतात आणि मग वरून धुऊनही भागत नाही. घरात वयस्कर माणूस आहे, नको तो खेळ. एरवीसुद्धा चिरण्याआधी साल धुवा, कारण सुरी सालीवरून थेट गरात जाते.

पाच एकदम पिकू नयेत म्हणून एकदम पिकायला घालूच नका. दोन फळं पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत किंवा तांदळाच्या डब्यात. आंब्याची अढी लावतो त्याच तत्त्वावर, केळ्यातून इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सुटतो. बाकीची टोपलीत उघडी, मोकळी, केळ्यांपासून लांब. त्यांना जास्त दिवस लागतात. पिकलं की लगेच फ्रिजमध्ये, तिथे दोन-तीन दिवस निघतात. कच्चं फळ मात्र फ्रिजमध्ये ढकलू नका, गारठ्याने बिघडतं आणि मग धड पिकत नाही. मायक्रोवेव्हमध्ये मऊ होतं, पण ते पिकणं नव्हे. चव कच्चीच राहते.

अर्ध्या फळाला लिंबू चोळायचं आणि प्लास्टिकची फिल्म थेट गराला चिकटवून लावायची, मध्ये हवा नको. तरी वरचा पापुद्रा तपकिरी झालाच तर खरवडून टाका. सगळी एकदम पिकलीच, तर लिंबू पिळून कुस्करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. बर्फ सुटल्यावर फोडी करता येत नाहीत, पण पराठ्याच्या कणकेत मोहनाऐवजी छान जातो.

देठाजवळचा तुकडा काढून खालचा रंग बघायची युक्ती आहे : हिरवा तर ठीक, तपकिरी तर आत डाग असण्याची शक्यता. पण हे घरी आणल्यावर करा. दुकानात सगळ्यांचे देठ उडवत फिरणाऱ्यांमुळे पुढच्या गिऱ्हाइकाला सडके मिळतात.

वाटीचमचा :

आहाराच्या बाजूने दोन शब्द. १०० ग्रॅम गरात साधारण १६० कॅलरी, १५ ग्रॅम स्निग्धांश (बराचसा चांगल्या जातीचा), ७ ग्रॅम तंतू, पण प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम. म्हणजे नुसता अ‍ॅव्होकाडो-पाव हा नाश्ता अकरा वाजता भूक लावतो. अंडं खात असाल तर उकडून वर घाला, नाहीतर वाफवलेली मटकी. वरचा चक्काही त्या दृष्टीने उत्तम. पोटॅशियम भरपूर असतं, जवळपास ४८० मिलिग्रॅम. सासूबाईंना मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खवट_शेंगदाणा :

शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं. नाव सार्थ करतोय.

तिखटमीठ :

@वाटीचमचा, सासूबाईंचे रिपोर्ट चांगले आहेत, गेल्याच महिन्यात झाले. @खवट_शेंगदाणा, तुमचा मुद्दा मान्य, कूट वरून भुरभुरीन.

पाव रोज नको वाटतो. भाकरीबरोबर कुणी खाल्लाय?

बनशंकरीचा_बस_थांबा :

ज्वारीच्या गरम भाकरीवर कुस्करलेला गर, बारीक कांदा, लिंबू, मीठ आणि वरून लसणीचा ठेचा. भाकरी पापुद्रा सुटलेली हवी. थालीपिठावर लोण्याऐवजीही लावून बघितला, तिथे लोणीच पाहिजे.

कोनाड्यातली_बरणी :

कोशिंबीरही होते. दही, अ‍ॅव्होकाडोच्या फोडी, काकडी, वरून हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, पण गार करून. आचेवर फार वेळ राहिला तर कडवट होतो, म्हणून भाजीत वगैरे घालू नका.

पेटीवाला :

ताई, सोसायटीत आणखी तीन घरं तयार करा आणि २८ किंवा ३० ची अख्खी पेटी घ्या. प्रत्येकी किलोभर, सात-आठ फळं. गुलटेकडीला मार्केट यार्डात परदेशी फळांचे गाळे आहेत, तिथे भाव रोजचा असतो, आधी दोन ठिकाणी विचारा. पेटी उघडून वरचा आणि खालचा थर दोन्ही बघा. सगळी कडक आणि हिरवी असली तरी हरकत नाही, उलट तीच हवीत, चार घरांत हळूहळू पिकवता येतात. अर्धी काळी पडलेली पेटी स्वस्त देत असतील तर उद्याच संपवायची तयारी असेल तरच घ्या.

तिखटमीठ :

तीन घरं मिळाली! एका घरी लहान बाळ आहे, त्यांना वरच्या खाण्यासाठी हवाच होता. शनिवारी सुट्टी आहे, सकाळीच जाऊन येते.

तागडी :

शनिवारी मार्केट यार्ड बंद असतं. रविवारी जा, गर्दी सहन करा, आणि गाडी बाहेर लांब लावावी लागेल हे धरून पिशव्या मजबूत न्या.